दगडातली पानं आणि गावांची नावं

 

इतिहास म्हटलं की आपल्यासमोर किल्ले येतात, राजे येतात, लढाया येतात. आज आम्ही त्याहून खूप जुनी गोष्ट घेऊन आलो आहोत. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची, आणि दगडात उरलेली त्यांची पानं गोळा करणाऱ्या, ती ओळखणाऱ्या माणसांची.

विषय निघाला तो वीजबिलावरून. गटाच्या मासिक बैठकीत बिलाची चर्चा चालली होती. आपल्या नाशिकजवळ एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र आहे आणि तिथे रेल्वेच्या वाघिणी भरभरून कोळसा येतो, हे सगळ्यांना माहीत. तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "दगडी कोळसा झाडांचा असतो असं पोरं पुस्तकात वाचतात. पण ते कुणी पाहिलं? कशावरून म्हणायचं?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही विदर्भात जाऊन पोहोचलो.

आधी एक फरक सांगतो. शेगडीत किंवा इस्त्रीत घालतो तो लाकडी कोळसा. तो माणसाने भट्टी लावून केलेला असतो. दगडी कोळसा जमिनीखाली आपोआप तयार झाला. त्या काळी मोठमोठ्या दलदली होत्या. झाडांची पानं, फांद्या, खोडं त्या साचलेल्या पाण्यात पडत. पाण्याखाली हवा पोहोचत नसल्यामुळे ती पुरती कुजली नाहीत. त्यांच्यावर नद्यांनी आणलेला गाळ बसला, त्यावर पुन्हा पालापाचोळा, पुन्हा गाळ. वरचं ओझं वाढत गेलं, खाली उष्णता वाढत गेली, आणि लाखो वर्षांत त्या पाल्याचा कोळसा झाला.

पण कोळशाच्या ढेकळात पान शोधायला गेलो तर सहसा हाती काही लागत नाही, कारण तिथे सगळं एकजीव झालेलं असतं. पान सापडतं ते कोळशाच्या थराच्या वर किंवा खाली असलेल्या पापुद्र्यांच्या दगडात. हा दगड म्हणजे बारीक गाळ घट्ट होऊन झालेली पाटीच. पापुद्रा नीट सुटला तर आत पानाचा ठसा दिसतो, शिरा न् शिरा मोजता येईल इतका स्पष्ट. याला जीवाश्म म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, मग आपल्या डोंगरात शोधू या. मैत्रिणींनो, आपल्याकडे ही पानं मिळायची नाहीत. नाशिकचा काळा दगड, ज्यात पांडवलेणी कोरली, तो लाव्हारसाचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून तापलेला रस वर आला आणि थरावर थर पसरत थंड झाला. त्याच्या पोकळ्यांमध्ये पुढे सुंदर स्फटिक तयार झाले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेला असाल तर ते पाहिले असतील. कोळशाची जंगलं या काळ्या दगडापेक्षा कितीतरी आधीची. त्या काळचे खडक महाराष्ट्रात उघडे दिसतात ते पूर्वेकडे, म्हणजे नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळच्या भागात. आपल्या राज्यातल्या कोळशाच्या खाणीही तिकडेच आहेत.

तर आता जाऊ या नागपूरला, आणि काळ आहे १८४५ चा. गादीवर अजून भोसले होते. त्या वर्षी स्टीफन हिस्लॉप नावाचे एक स्कॉटिश मिशनरी तिथे येऊन राहिले. दोन वर्षांनी रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांना येऊन मिळाले. शाळा चालवणं, धर्मप्रचार करणं हे त्यांचं काम. पण गावोगाव फिरताना त्यांची नजर पायाखालच्या दगडांवर असायची. नागपूरच्या उत्तरेला कामठी, सिल्लेवाडा, भरतवाडा या भागातल्या वाळूच्या दगडात त्यांना पानांचे ठसे मिळू लागले. दक्षिणेकडे मांगली गावाजवळ बेडकाच्या गोतातल्या एका प्राचीन प्राण्याची कवटी मिळाली. हिस्लॉप आणि हंटर यांनी नागपूरच्या आसपासच्या खडकांवर लिहिलेला मोठा लेख १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात छापून आला.

याच हिस्लॉप यांनी गोंड लोकांची गाणी आणि परंपराही लिहून घेतल्या होत्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाटजवळची जुनी शिळावर्तुळं पाहायला गेले होते. परतताना रात्री बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. गोंडांविषयीचे त्यांचे कागद नंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून आणले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

इथे एका गोष्टीवर आम्ही बराच वेळ बोलत बसलो. घरासाठी, देवळासाठी, पुलासाठी दगड काढायचं काम गावातले लोक करत. छिन्नी-हातोडा त्यांच्या हातात. पापुद्रा सुटला की आतलं पान सगळ्यात आधी त्यांनाच दिसणार. दगड फोडणाऱ्या, टोपल्या वाहणाऱ्या बायाही त्यात असणारच, कारण हे काम आजही बाया करतात. पण दगडाच्या इतिहासात त्यांच्यापैकी कुणाचं नाव येत नाही. नाव आलं ते साहेबांचं, आणि एक आणखी आलं, ते म्हणजे गावाचं. पान कुठल्या गावच्या दगडातलं, हे लिहून ठेवलेलं होतं. ही दुसरी नोंद फार मोलाची ठरली. कशी ते सांगतो.

हिस्लॉप यांनी जमवलेली पानं इंग्लंडला गेली. तिथे चार्ल्स बनबरी नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाने त्यांची तपासणी केली आणि १८६१ मध्ये नागपूरच्या या पानांवर लेख लिहिला. त्यात प्रत्येक पानाचं वर्णन होतं आणि सोबत सिल्लेवाडा, भरतवाडा, कामठी ही आपल्या मराठी मुलखातली गावंही होती. एका पानाला त्यांनी हिस्लॉप यांचं नाव दिलं. या नागपूरच्या पानांचं बंगालच्या कोळसा भागातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या पानांशी किती साम्य आहे, हेही त्यांनी पाहिलं.

आता ही पानं ओळखायची कशी? रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून रोजच्या ओळखीच्या गोष्टींनी सांगतो. वही जवळ असेल तर चार खुणा लिहून घ्या.

पहिलं आणि सगळ्यात जास्त सापडणारं पान म्हणजे ग्लॉसोप्टेरिस. आकार जिभेसारखा लांबट. मधोमध ठळक शीर. त्या शिरेपासून कडेपर्यंत बारीक शिरांची जाळी. लहानपणी पिंपळाचं पान वहीत ठेवून आपण त्याची जाळी करायचो, तशी जाळी डोळ्यासमोर आणा. १८२८ मध्ये फ्रान्सच्या आदोल्फ ब्राँनिआर यांनी हे नाव ठेवलं. ग्रीक भाषेत ग्लॉसा म्हणजे जीभ. याच्या एका जातीचं नाव इंडिका, म्हणजे भारतातली.

दुसरं पान गँगामोप्टेरिस. हेही लांबट आणि जाळीदार, पण मधली ठळक शीर नाही. शिरा बुंध्यापासून पंख्यासारख्या वर पसरत जातात.

तिसरं पान बनबरींनी हिस्लॉप यांचं नाव दिलेलं. यात मधली शीरही नाही आणि जाळीही नाही. मक्याच्या पानासारख्या शिरा एकीला एक लागून सरळ वर जातात.

चौथी खूण पानाची नसून खोडाची आहे. उसासारखी पेरं आणि प्रत्येक पेरावर भोवताली बारीक पानांचं कडं. हे फायलोथेका. बनबरींनी नागपूरच्या नमुन्याला फायलोथेका इंडिका असं नाव दिलं.

यांच्या जोडीला कधीकधी पाठीच्या मणक्यांसारखी, खण पाडलेली पट्टी दगडात दिसते. पाहणाऱ्याला वाटावं की एखाद्या जनावराचं हाड आहे. तिला नावही मणक्यावरूनच पडलं, वर्टेब्रारिया. पुढे कळलं की ती ग्लॉसोप्टेरिसच्या झाडाची मुळं आहेत.

म्हणजे बघा, एकाच झाडाचं पान वेगळ्या नावाने आणि मूळ वेगळ्या नावाने ओळखलं जात होतं. कारण दगडात पूर्ण झाड कधी मिळत नाही, तुकडे मिळतात. कुठला तुकडा कुठल्या झाडाचा, हे जुळवायला शंभर वर्षं लागली.

या कामात पुढे बऱ्याच जणांचे हात लागले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ऑटोकार फाइस्टमांटेल यांना कलकत्त्याला बोलावलं. १८७५ ते १८८३ या काळात त्यांनी देशभरातून आलेली अशी पानं तपासली आणि चित्रांसह मोठे ग्रंथ तयार केले. तोवर सगळे ग्लॉसोप्टेरिसला नेच्याच्या जातीचं समजत होते. नेचा म्हणजे पावसाळ्यात विहिरीच्या कडेला, कड्याच्या ओलाव्यात उगवतो तो. त्याला बी नसतं. हा समज दूर करण्यात मोठा वाटा एका बाईचा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या एडना प्लमस्टेड. तिथल्या एका हौशी संग्राहकाने जमवलेले दगड त्यांनी अभ्यासले. त्यांत ग्लॉसोप्टेरिसच्या पानालाच चिकटलेली, बी धरणारी अंगं होती. १९५२ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. आपल्या देशात शैला चंद्रा आणि के. आर. सुरंगे यांनी भारतातल्या ग्लॉसोप्टेरिसच्या सगळ्या जाती नव्याने तपासून १९७९ मध्ये त्यांची फेरमांडणी केली. पानांच्या जाळीची एकेक घरं पाहायची, मापं घ्यायची, ताडून बघायची, असं हे डोळे शिणवणारं काम.

आता गावाच्या नोंदीने काय साधलं ते ऐका.

१९१२ मध्ये इंग्लंडचे कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे चार साथीदार दक्षिण ध्रुवावर पोहोचले. परतीच्या वाटेवर, उपाशी आणि गारठलेले असताना, बियर्डमोर नावाच्या हिमनदीजवळ त्यांनी दगड गोळा केले. सुमारे सोळा किलो वजन. पाचही जण त्या प्रवासात मेले. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबू सापडला तेव्हा ते दगडही तिथेच होते, शेवटपर्यंत टाकले नव्हते. इंग्लंडमध्ये ए. सी. सीवर्ड यांनी ते तपासले आणि १९१४ मध्ये निष्कर्ष छापला. त्या दगडांत पान होतं, ग्लॉसोप्टेरिस इंडिका. भारताच्या कोळशाबरोबर सापडणारं जिभेचं पान, आज गवताचं पातंही तग धरत नाही अशा बर्फाच्या मुलखात.

हे तिथे गेलं कसं? समुद्र ओलांडून? मधलं अंतर हजारो किलोमीटरचं. उत्तर असं, की तेव्हा मधे समुद्रच नव्हता. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि दक्षिण ध्रुवाची जमीन हे सगळं एकाला एक लागून होतं. पुढे ते तुकडे हळूहळू दूर सरकले. या जुन्या भूखंडाला जगभर गोंडवाना म्हणतात. आपल्या गोंडांच्या मुलखावरून आलेलं नाव! हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये मध्य भारतातल्या या खडकांसाठी ते वापरलं आणि एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ मध्ये ते सगळ्या भूखंडाला दिलं. आज जपानपासून ब्राझीलपर्यंत भूशास्त्र शिकणारं प्रत्येक मूल हे नाव घेतं.

विचार करा, स्कॉटच्या पिशवीतल्या दगडांवर ते कुठले हे कळलं नसतं, सिल्लेवाड्याच्या पानावर सिल्लेवाडा लिहिलं नसतं, तर दोन सारखी पानं शेजारी ठेवून काय कळलं असतं? पान सुंदर आहे, एवढंच. जागा माहीत होती म्हणून जमिनी सरकल्याचा पुरावा हाती आला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या इरई गावाजवळच्या खडकावर आणखी एक पुरावा आहे. तिथे खडक घासल्यासारखा झाला आहे आणि त्यावर समांतर ओरखडे आहेत. ते बर्फाचे. कोळशाच्या जंगलांआधी या मुलखावरून हिमनद्या सरकत होत्या. चंद्रपूरचं ऊन सोसलेल्यांना हे खरं वाटायचं नाही! बर्फ वितळल्यावर ओलसर, थंड हवेत ही जंगलं वाढली. युरोपच्या कोळशाची जंगलं यापेक्षाही जुनी, उष्ण दलदलीतली, आणि त्यांची झाडंही निराळी होती. आपल्या झाडांच्या दगड झालेल्या लाकडात वर्षाची वर्तुळं दिसतात, त्यावरून तेव्हाही ऋतू होते हे कळतं. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरचे बहुतेक जीव नष्ट झाले, त्यात ही जंगलंही गेली.

या विषयात आणखी एका बाईचं नाव सांगायलाच हवं. बिरबल साहनी हे भारतातले या शास्त्राचे मोठे अभ्यासक. १९४६ मध्ये त्यांनी लखनौला पुरावनस्पती संस्था स्थापन केली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. त्या कोनशिलेत निरनिराळ्या ठिकाणचे जीवाश्म बसवलेले आहेत. आणि आठवड्याच्या आत, १० एप्रिलला, साहनी गेले. इमारत उभी राहायची होती, पैसे जमवायचे होते, माणसं सांभाळायची होती. ते सगळं सावित्री साहनी यांनी पुढे नेलं. पतीच्या जाण्यानंतर वीस वर्षं त्या संस्थेच्या प्रमुखपदी होत्या. गट चालवणाऱ्या आपल्यासारख्या बायांना कळेल की कुणीतरी सुरू केलेलं काम बंद पडू न देणं किती अवघड असतं.

आता आजचं बोलू. विदर्भात उघड्या खाणी मोठ्या यंत्रांनी खणल्या जातात. कोळसा काढण्यासाठी वरचा दगड उचलून बाजूला टाकतात, त्याचे डोंगर होतात. पानं असतात ती नेमकी याच टाकलेल्या दगडात. ऊन-पावसात पापुद्रे सुटतात आणि दोन-चार पावसाळ्यांत ठसा पुसला जातो. कोळसा काढूच नका, असं आम्ही म्हणत नाही. आपल्या घरचा दिवा त्यावर लागतो. पण जे कायमचं जाणार आहे, त्याची निदान नोंद तरी राहावी.

तुमच्यापैकी कुणाचं माहेर तिकडचं असेल, मुलगी चंद्रपूर-यवतमाळकडे दिली असेल, कुणी मजुरीला जात असेल. चालू खाणीत किंवा कचऱ्याच्या ढिगावर शोधायला मुळीच जाऊ नका. तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही आणि ढीग घसरून जीव जातो. पण विहीर खणताना, रस्त्याच्या कामावर, नाल्याच्या काठी असा दगड दिसला तर पाच गोष्टी लिहा. गाव आणि शिवाराचं नाव. नेमकी जागा, म्हणजे विहीर, नाला की रस्ता. किती खोलीवर, कुठल्या दगडात. तारीख. आणि पाचवी, सापडवणारीचं नाव. ही पाचवी ओळ विसरू नका. दगड फुटून दोन भाग झाले असतील तर दोन्ही ठेवा, कारण एकावर ठसा असतो आणि दुसऱ्यावर त्याचा उलटा ठसा. घासू नका, तेल लावू नका, वर्तमानपत्रात गुंडाळा. मोबाईलवर फोटो काढताना शेजारी एक नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. मग भूशास्त्र शिकवणाऱ्या जवळच्या महाविद्यालयात किंवा नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात कळवा. दगडासाठी कुणी पैसे देऊ करत असेल तर देऊ नका, आधी विचारा.

आपली गटाची वही आठवा. कुणी किती भरले, कुणी किती उचलले, कुठल्या तारखेला. वही नसती तर दहा वर्षांनी कुणाचं काय, हे कुणीच सांगू शकलं नसतं. बँक आपल्या शब्दाला मान देते ती या वहीमुळे. दगडातल्या पानांचंही तसंच आहे, आणि अशी नोंद ठेवायला आपल्याला कुणी वेगळं शिकवायची गरज नाही.

जाता जाता मुलांसाठी एक उद्योग. शाडूची माती भाकरीएवढी थापा. त्यावर पिंपळाचं पान शिरांची बाजू खाली करून ठेवा, वरून मातीचा दुसरा थर हलकेच दाबा. सावलीत वाळू द्या आणि मग कडेने सुरीचं टोक घालून उघडा. दोन्हीकडे काय दिसतं ते मुलांनाच सांगू द्या. आणि मागच्या बाजूला त्यांच्याकडूनच लिहून घ्या, पान कुठल्या झाडाचं, कुठल्या गावचं, कुणी आणलं.

मावशींचा प्रश्न होता, कशावरून म्हणायचं. मावशी, पानं सापडली आहेत, ती पाहिलेली माणसं आहेत, आणि ज्या गावांत सापडली ती गावं आजही जागेवर आहेत. तुमचे प्रश्न असेच कळवत राहा. नमस्कार.